तेर्साचा उत्तरार्ध

पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा मी व्हरांड्यात बसून कादंबरी लिहीत होतो. सकाळची वेळ. बायको आत चहा गाळत होती. डिचोलीत आमच्या वाड्यावर पाववाला पोदेर अजून सायकलवरूनच येतो. मी लेखणी ठेवून फाटकापाशी गेलो आणि रोजच्यासारखं "चार उंडे दे" म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून काहीतरी निघालं, पण ते शब्द नव्हते. पोदेर हसला. मास्तर चेष्टा करताहेत असं त्याला वाटलं. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा तसलंच काहीतरी निघालं. मग बोटं दाखवावीत म्हणून उजवा हात उचलायला गेलो, तर तो जागचा हलेना. माझाच हात, पण दुसऱ्या कुणाचा तरी माझ्या खांद्याला टांगून ठेवल्यासारखा.

पोदेराचं हसू मावळलं. त्याने सायकल टाकली आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "कितें जालें तुका?"

काय झालं ते मला कळत होतं. सांगता येत नव्हतं.

समोरच्या घरातले शेट तोवर रस्ता ओलांडून आले होते. त्यांना सगळं गाव शेट म्हणतं, मीही शेटच म्हणतो. बाजारात त्यांचं भुसारी दुकान आहे, आता मुलगा बघतो. त्यांनी काही विचारलं नाही. गाडी काढली, मला मागे आडवं केलं, बायकोला माझ्या उशाशी बसवलं आणि थेट पणजीकडचा रस्ता धरला. शेट एरवी गाडी इतकी हळू चालवतात की मागचे लोक वैतागतात. त्या दिवशी खनिजाच्या ट्रकांना मागे टाकत गेले. पाठीवर पडल्या पडल्या मला फक्त झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा दिसत होत्या, आणि बायकोची हनुवटी.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्यांनी ताबडतोब इंजेक्शन दिलं. जीव वाचला. पाय दोन दिवसांत हलायला लागला, हातही थोडाफार हलेल असं ते म्हणाले. बोलण्याचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

मी जन्मभर बोलून आणि लिहून जगलेला माणूस. शाळेत मराठी शिकवायचो. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्याही मराठीत. लोकांना याचं नवल वाटतं. ख्रिस्ती माणूस आणि मराठीत लिहितो? त्याचं कारण अगदी साधं आहे. माझा जन्म पेडण्याकडच्या एका गावात झाला. तिथे आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळा गाव हिंदू, आणि शाळा मराठी. आई घरात कोकणीत प्रार्थना म्हणायची, मी शाळेत मराठी कविता पाठ करायचो, आणि गल्लीत पोरांशी जे बोलायचो ते धड कोकणी नव्हतं आणि धड मालवणीही नव्हतं. देवाशी कोकणी आणि कागदाशी मराठी, अशी वाटणी माझ्यात लहानपणीच होऊन गेली. पुढे ती कधी मोडावीशी वाटली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या घरी तेर्स व्हायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एकाने 'नमान मारिये' म्हणत पहिला अर्धा भाग म्हणायचा, आणि बाकीच्यांनी 'सांत मारिये' म्हणत उरलेला अर्धा. असं कितीतरी वेळा. आई पहिला भाग म्हणायची, आम्ही भावंडं दुसरा. निम्मा वेळ माझं लक्ष चुलीवरच्या माशांच्या वासाकडे असायचं. लग्नानंतर बायकोनेही तीच रीत ठेवली. ती म्हणायची, मी उत्तर द्यायचो, आणि उत्तर देता देता मनात कादंबरीतल्या पुढच्या प्रसंगाची जुळवाजुळव करायचो. माझी कादंबरीतली माणसं मात्र अशी प्रार्थना करत नसत. ती समुद्रकाठी नाहीतर रिकाम्या देवळात उभी राहून देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलायची, वाद घालायची, पानंच्या पानं. आमचे जुने पाद्री एकदा मला म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या कादंबरीतली माणसं माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना करतात." मला ते फार आवडलं होतं.

इस्पितळातला तिसरा की चौथा दिवस असेल. संध्याकाळ झाली होती. खिडकीतून उन्हाची शेवटची तिरीप समोरच्या पेशंटच्या पलंगावर पडली होती. तोवर माझ्या तोंडून एकही धड शब्द निघाला नव्हता. बायकोचं नावसुद्धा नाही. तिने स्टुलावर बसून पर्समधून जपमाळ काढली आणि शेजारच्यांना त्रास नको म्हणून अगदी हळू आवाजात तेर्स सुरू केला. पहिला अर्धा भाग म्हणून ती क्षणभर थांबली. सवयीनेच थांबली असेल. दुसरा भागही तिलाच म्हणायचा होता.

आणि मी म्हणालो, "सांत मारिये..." तिथून पुढे शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता, अगदी 'आमेन'पर्यंत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग घाईघाईने पुढचा 'नमान मारिये' म्हणाली, जणू उशीर केला तर दार बंद होईल. मी पुन्हा उत्तर दिलं. तिसऱ्यांदाही दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबायला तयार नव्हती. संपूर्ण माळ झाल्यावर तिने माझा हात धरला आणि विचारलं, "उदक जाय तुका?"

पाणी हवं होतं. घसा कोरडा पडला होता. मी 'हो' म्हणायला गेलो आणि तोंडातून पुन्हा तो पहिल्या दिवसाचा गोंधळ बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा बायकोने त्यांना सगळं सांगितलं. ती चमत्कार झाल्यासारखीच सांगत होती. डॉक्टर तरुण होते, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, असं होतं. पाठ केलेल्या प्रार्थना, आकडे, आठवड्याचे वार, शिव्यासुद्धा. आपण विचार करून जे बोलतो त्याची वाट वेगळी असते आणि जे तोंडात बसलेलं असतं त्याची वेगळी. ह्यांची पहिली वाट बंद झाली आहे, दुसरी शाबूत आहे." मग म्हणाले, "पण चांगलं लक्षण आहे."

बायकोचा चेहरा थोडा उतरला. माझाही उतरला असणार. चमत्कार म्हणजे माझ्या मेंदूची एक न बिघडलेली वायर, एवढंच. पण त्या पलंगावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्यावर विचार करत राहिलो. शब्दांवाचून जेवढा करता येतो तेवढा. आईचा चेहरा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होता. मी वर्षानुवर्षं लक्ष न देता जे पुटपुटत आलो होतो तेवढंच आता माझ्यापाशी उरलं होतं. जे मोठ्या कष्टाने रचलं होतं, ज्याचं कौतुक झालं होतं, त्यातलं एक वाक्यही येत नव्हतं. माझं लक्ष नव्हतं तेव्हाही कुणीतरी ते माझ्यात साठवत होतं. त्याला वायर म्हणा, आई म्हणा, देव म्हणा. मला तिन्ही मान्य होतं.

एक गोष्ट लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. त्या दिवसांत 'माझ्याच वाट्याला हे का' असं मला एकदाही वाटलं नाही. यात माझी थोरवी काही नाही. तो प्रश्न विचारायलाही शब्द लागतात, आणि ते माझ्यापाशी नव्हते. पुढे शब्द परत आले तेव्हा मी त्या प्रश्नाची वाट बघत होतो. पण तोवर इतक्या माणसांचं इतकं काही घेऊन झालं होतं की तो विचारायची लाज वाटली.

घरी आल्यावर म्हापशाला बोलण्याच्या उपचारांसाठी जाणं सुरू झालं. तिथली बाई कोल्हापूरकडची होती, मला मुलगी शोभावी अशा वयाची. ती चित्रांचे पत्ते समोर ठेवायची. छत्रीचं चित्र दाखवलं की माझ्या तोंडून कोकणी 'पावस' निघायचं. चमच्याला मी 'शीत', म्हणजे भात, म्हणायचो. मला राग यायचा, पत्ते लोटून द्यावेसे वाटायचे. ती हसून म्हणायची, "सर, निवांत. शेजारच्या घरापर्यंत पोचलाय तुम्ही. आता दार तेवढं बदलायचंय."

कोकणी आधी परतली. पाणी, भात, नको, दुखतंय, पंखा लाव. मराठी काही येईना. मी स्वतःची कादंबरी हातात घेतली तर अक्षरं ओळखू यायची, पण एकमेकांना चिकटत नसत. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात पुसून जायची. ज्या भाषेत मी भाकरी मिळवली ती भाषा मला ओळख देईना, याचं दुःख हाताच्या दुःखाहून मोठं होतं. बायकोला ते सांगताही येत नव्हतं. पण तिला कळलं होतं. तिने माझी पुस्तकं समोरच्या मेजावरून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

ती पुन्हा बाहेर आणली शेटनी.

शेट माझे पहिले वाचक. माझं प्रत्येक हस्तलिखित आधी त्यांच्याकडे जायचं. आमचं रोजचं बोलणं कोकणीत चालायचं, पण पुस्तकाचा विषय निघाला की दोघंही आपोआप मराठीवर यायचो. आजारपणात ते रोज दुपारी जेवून येत आणि पेपर वाचून दाखवत. एका संध्याकाळी ते जरा उशिरापर्यंत थांबले, तोवर आमच्या तेर्साची वेळ झाली. ते व्हरांड्यात बसून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी आले ते बायकोला म्हणाले, "वहिनी, मास्तरांची पुस्तकं कुठं ठेवलीत?"

त्यांनी माझी दुसरी कादंबरी उघडली. अर्धं वाक्य वाचलं आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.



"तुमच्या तेर्सासारखं," ते म्हणाले. "वहिनी अर्धं म्हणतात, तुम्ही पुरं करता. आता मी अर्धं म्हणतो."

शेट रोज पूजा केल्याशिवाय तोंडात चहा न घेणारे. आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ते फेस्ताच्या सणाला मागच्या बाकावर बसतात तेवढेच. पण त्या प्रार्थनेची रीत मी जन्मभर म्हणूनही वापरली नव्हती तशी त्यांनी एकदा ऐकून वापरली. पहिले काही दिवस माझ्या तोंडून काहीच येत नसे. शेट थोडा वेळ थांबायचे, मग स्वतःच वाक्य पुरं करून पुढे जायचे. कंटाळले नाहीत. एके दिवशी त्यांनी वाचलं, "ती होडीतून उतरली आणि..." आणि थांबले.

"घरी गेली," मी म्हणालो.

मराठीत. दोन शब्द, पण मराठीत.

शेटनी पुस्तकात बघितलं. चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "पुस्तकात असं नाही," ते म्हणाले. "पुस्तकात संध्याकाळच्या प्रकाशाचं पुष्कळ काहीतरी आहे." आणि हसत म्हणाले, "पण मास्तर, हेच बरं आहे हो."

आतून बायको हात पुसत बाहेर आली होती. तिने शेटना विचारलं, "चहा करू?"

त्यानंतर शब्द येत राहिले. पावसाळा गेला, चतुर्थी झाली, नाताळ झाला. मी अडखळत का होईना, बोलायला लागलो. उजव्या हाताची बोटं काही सुधारली नाहीत, म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकलो. पहिलीतल्या मुलासारखी मोठी वाकडी अक्षरं. पान भरायला सकाळ जायची. एक वाक्य लिहायचं म्हणजे इतका खटाटोप की ते लिहिण्याआधी दहादा विचार करावा लागे, हे हवं आहे का? बहुतेक वेळा नको असायचं.

पोदेराच्या भोंग्याने अर्धवट राहिलेली कादंबरी मी पुन्हा काढली. गोष्ट एका बाईची आहे. तिचा नवरा खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर कामाला असतो. डिचोलीकडून निघालेल्या बार्जी नदीने मुरगावच्या बंदरात जातात. एका खेपेला तो परत येत नाही. त्यात एक प्रकरण होतं. नवरा गेल्याची बातमी आल्यावर ती बाई देवाशी बोलते. तीन पानं बोलते. लिहिताना मला ती पानं कादंबरीतली सगळ्यात चांगली वाटली होती. आता वाचली तर त्यात ती बाई कुठे दिसेना, मीच दिसत होतो.

ती पानं मी काढली. आता त्या जागी एवढंच आहे: संध्याकाळी ती बाई दिवा लावते, जपमाळ घेते आणि पहिला अर्धा भाग म्हणते. मग थांबते. उत्तर द्यायला घरात कुणी नसतं. थोड्या वेळाने ती स्वतःच उत्तर देते आणि पुढचा मणी धरते.

हे लिहायला मला डाव्या हाताने तीन दिवस लागले. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तू इस्पितळांत आसतना हांव अशीच बसलेलें." पहिले तीन दिवस, माझं उत्तर येईपर्यंत, ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर एकटीच दोन्ही भाग म्हणत होती. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मला वाटत होतं, ही कल्पना माझी आहे.

कादंबरी छापून आली. आधीच्या चारांपेक्षा बरीच बारीक आहे. प्रकाशक पहिल्यांदा म्हणाले, "मास्तर, अजून थोडं लिहा, पुस्तक हातात भरत नाही." मी म्हटलं, "सगळं लिहून झालं." त्यांनी आग्रह केला नाही. माझ्या तब्येतीकडे बघून केला नसेल. पूर्वी ख्रिस्ती लेखक म्हणून माझी ओळख करून दिली की मला वाटायचं, आता देवाविषयी काहीतरी मोठं बोलायला हवं. आता तसं वाटत नाही. माझी माणसं प्रार्थना करतात, पण भात ढवळत, पोराला हाक मारत, मधलाच शब्द गाळत. देवाला त्या गाळलेल्या शब्दांची सवय असणार.

मागच्या मे महिन्यात शेटच्या दुकानात जवळच्या सर्वण गावाहून एक बाई आली. नेहमीचं गिऱ्हाईक. तिच्या नवऱ्याला माझ्यासारखाच झटका आला होता. जीव वाचला होता, पण वाचा गेली होती. शेटनी तिला माझ्याविषयी सांगितलं. ती तशीच पिशव्या घेऊन आमच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही कसे बोलायला लागलात ते मला सांगा."

सांगण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, "आम्ही येतो."

रविवारी इगर्जीतली मिसाची प्रार्थना झाल्यावर शेटच्या गाडीतून आम्ही तिघं सर्वणला गेलो. घराभोवती पोफळी, मागे भाताची शेतं. नवरा ओट्यावर खुर्चीत बसला होता. माझ्याहून वयाने थोडा मोठा. अंगाने धिप्पाड, आणि डोळ्यांत ती नजर. आत सगळं असतं आणि बाहेर काही येत नाही, ती. आरशात मी ती खूप दिवस बघितली होती. त्याने डावा हात जोडल्यासारखा छातीशी नेला.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "हे रोज काय म्हणायचे? आरती, भजन, काहीतरी पाठ असेल."

ती संकोचली. "देवाधर्माचं ह्यांना कधी काही नव्हतं. देवळात मीच जायची. हे शेतातच."

माझ्या बायकोने विचारलं, "मग शेतात काय म्हणायचे?"

बाईने थोडा विचार केला. मग आत गेली आणि तांदळाची टोपली, सूप आणि मापाची जुनी पितळी पायली घेऊन आली. ओट्यावर बसली. गावातल्या कुणाचंही भात मापायला ह्यांनाच बोलवायचे, ती म्हणाली. तिने पायली काठोकाठ भरली, हाताने वरचं सपाट केलं आणि पुढच्या सुपात ओतली. नवऱ्याकडे बघत थांबली.

धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही.

"लाभ," तो म्हणाला.

बाईचा हात पायलीवरच राहिला. शेटनी हळूच म्हटलं, "थांबू नका, ओता."

तिने दुसरी ओतली. "दोन." तिसरी ओतली. "तीन." त्याचा आवाज खणखणीत होता, खळ्यावरच्या माणसाचा. टोपली रिकामी होईपर्यंत तो मोजत गेला. बाई एका हाताने ओतत होती आणि दुसऱ्या हातातल्या पदराने डोळे पुसत होती. माझी बायको तिच्या शेजारी जाऊन बसली आणि सुपातले तांदूळ पुन्हा टोपलीत भरायला लागली.

मी त्या माणसाच्या खुर्चीला टेकून उभा होतो. इतकी वर्षं देवाला शोधत मी पानं भरली होती. पण मापाच्या सुरुवातीला, एकच्या जागी, माणसं देवाचं नाव घ्यावं तसा हा शब्द म्हणतात हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. लहानपणापासून ऐकत होतो तरी.

आता तो थोडंफार बोलतो, असं शेट सांगतात. बायकोला हाक मारतो. दुकानातून काय आणायचं ते कधी बरोबर सांगतो, कधी मिठाच्या जागी साखर म्हणतो. त्या दिवशी मात्र आकड्यांपलीकडे त्याला काही बोलता आलं नाही. आम्ही निघायला उठलो तेव्हा त्याने मला काहीतरी सांगायचा खूप प्रयत्न केला. ओठ हलले, मान हलली, शब्द आला नाही. मी म्हटलं, "निवांत. घाई नाही." मग त्याने बायकोच्या हातातली पायली आपल्या डाव्या हातात घेतली, टोपलीत खुपसून भरली, आणि माझ्या बायकोच्या पिशवीत रिती केली.